आमचे सोयीचे अश्रू

मराठी माणसाला दोन गोष्टींची फार हौस आहे. पहिली, मराठी चित्रपट बुडाला म्हणून गळा काढण्याची; आणि दुसरी, जो तरला आहे त्याच्याकडे पाठ फिरवून बसण्याची. "आपल्याकडे चांगले काही निघतच नाही हो!" हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकले आहे, एस.टी.च्या बाकावर ऐकले आहे, आणि आमच्या शाळेत तर ते मधल्या सुट्टीतल्या चहाबरोबर रोज येते. अशा गृहस्थाला मी एकच विचारतो, "जे निघाले, त्यातले आपण किती पाहिलेत?" मग चहा एकाएकी फार गरम लागू लागतो.

माझे म्हणणे रोखठोक सांगतो. चांगले मराठी चित्रपट निघाले आहेत. आपण ते नुसते विसरलो नाही, निवडून विसरलो. जो चित्रपट आपल्याला रडवून मोकळे करतो, तो आपण देव्हाऱ्यात ठेवला. जो आपल्याला जाब विचारतो, तो माळ्यावर टाकला.

पुरावा हवा असेल तर आचार्य अत्र्यांकडेच चला. १९५३ साली त्यांनी 'श्यामची आई' काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. लगेच पुढल्या वर्षी, १९५४ मध्ये, त्यांनीच 'महात्मा फुले' काढला. मुहूर्ताला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजर होते. जोतिरावांचे काम बाबूराव पेंढारकरांनी केले, सावित्रीबाईंचे सुलोचनाबाईंनी. त्यालाही राष्ट्रपतींचे रौप्यपदक लाभले. माणूस तोच, अंतर अवघे एका वर्षाचे. पण पहिल्याचे नाव शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि दुसऱ्याचे नाव घेतले की चांगली शिकलीसवरलेली माणसे "असा चित्रपट आहे होय?" म्हणून विचारतात!

'श्यामची आई'ला नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. मी तो पाहिला तेव्हा माझाही रुमाल भिजला होता. पण त्या आईसाठी रडताना आपल्याला पदरचे काही द्यावे लागत नाही. आई गेली, आपण डोळे पुसले, हिशेब मिटला. जोतिरावांचा हिशेब असा मिटत नाही. १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या माणसाला बापाचे घर का सोडावे लागले? शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंवर शेण फेकणारे हात कोणाचे होते? ते काही इंग्रजांचे नव्हते. येथे रुमाल काढून भागत नाही.

हे मी दुसऱ्याला सुनावतो आहे असे वाटू नये, म्हणून माझाच गुन्हा कबूल करतो. वर्षानुवर्षे मी शाळेत मुलांना 'श्यामची आई' दाखवीत आलो. एकदा ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालून झाला, भाषणे झाली, पेढे वाटून झाले, आणि सातवीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, ह्यांचा सिनेमा नाही का?" मी म्हटले, "आहे." ती म्हणाली, "मग आम्हाला तो का नाही दाखवीत?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणजे होते, पण ते त्या मुलीला सांगण्याजोगे नव्हते. तो चित्रपट मी स्वतःच पाहिलेला नव्हता! पुढे तो दाखवायचे ठरले, तेव्हा एका सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन बजावले, "जपून हं. पोरे नको ते प्रश्न विचारतील." मी म्हटले, "अहो, मग शाळा कशासाठी काढली आहे?"

आता इतर नावे. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा १९७९ सालचा '२२ जून १८९७' पाहा. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावर आलेल्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली, त्या रात्रीची ही तारीख. हुतात्मे आपल्याला पोवाड्यातले हवे असतात. येथे भेटतात ती कर्मठ घरातली, हट्टी, संतापलेली तरुण पोरे. त्यांचे धाडसही दिसते आणि त्यांचे सोवळेही. दोन्ही एकदम पाहण्याची आपली तयारी आहे काय?

कादंबरीकाराने दुसऱ्याच्या कादंबरीवरल्या चित्रपटाची तारीफ करू नये, असा आमच्यात एक न लिहिलेला संकेत आहे. तो मी मोडतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. अमोल पालेकरांनी ती १९९५ साली पडद्यावर आणली. धनगरांच्या वाडीत एक पोरगेला मास्तर येतो, बंद पडलेली शाळा उभी करतो, तालीम बांधवून घेतो, आणि दुष्काळ सारी वाडी उठवून नेतो. मुलेच उरली नाहीत तर मास्तर कोणाचा? हा प्रश्न तुमच्यापेक्षा मला जास्त बोचतो, हे उघड आहे.

त्याच वर्षाचा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'दोघी' मात्र कोणालाच सोडीत नाही. लग्नाच्या दिवशीच वराकडच्या मंडळींना अपघात होतो आणि नवरी पांढऱ्या पायाची ठरते. घर चालवायला तिला मुंबईला धाडतात. ती तेथे काय करते हे सर्वांना कळते, आणि कोणी बोलत नाही. तिच्या पैशावर चूल पेटते. ती परत येते तेव्हा मात्र तिचा स्पर्श अशुभ! उत्तरा बावकरांनी उभी केलेली ती आई पाहा. ती दुष्ट नाही. ती आपल्या आळीत राहते. सामाजिक प्रश्नावरील चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले. आपण वर्तमानपत्रात ती बातमी वाचली आणि पान उलटले.

"पाहू केव्हातरी," असे म्हणणाऱ्यांना शेवटचे एक सांगतो. चित्रपट म्हणजे दगडावरचा शिलालेख नव्हे. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' १९२५ साली निघाला. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची ती कथा, आणि शेतकरी झाले होते तरुण शांताराम. तो मूकपट आज कोणालाही पाहता येत नाही. तो राहिलाच नाही. त्यानेही आपल्याला काही विचारले असेलच.

आज प्रत्येकाच्या खिशात पडदा आहे. तेव्हा फराळाचे ताट पुढे ओढलेत की घरातल्या मुलीला शेजारी बसवा आणि 'दोघी' लावा. संपल्यावर ती काहीतरी विचारील. तेव्हा मात्र रुमाल काढू नका, उत्तर द्या.