शुद्धिपत्राविना दारूकाम

दारूकामाची हौस आम्ही निंद्य मानत नाही, हे आरंभीच नमूद करतो. एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तील विवाहसोहळ्यात दारूकामाचे वर्णन आहे. सवाई माधवरावांसाठी पर्वतीच्या पायथ्याशी ‘दारूची लंका’ केल्याची हकीकत बखरीत आली आहे. ज्या भाषेत हवई, भुईनळा, चंद्रज्योती हे शब्द सुखाने नांदतात, तिच्या अभ्यासकांनी या कलेकडे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. आमचा आक्षेप आहे तो या हौसेच्या समर्थनार्थ ऐकू येणाऱ्या एका युक्तिवादावर. तो असा: दारू बनवण्याची विद्या आजवर दरबारी कारागीर आणि परवानाधारक कारखानदार यांच्या मुठीत होती, इंटरनेटवरील व्हिडिओंनी ती मूठ उघडली, आता विरार पूर्वेच्या चंदनसारमधला शाळकरी मुलगाही फोनवर पाहून स्वतःचा बार स्वतः बनवू शकतो, सबब हे ज्ञानाचे लोकशाहीकरण होय.

आमच्या मते हे लोकशाहीकरण ज्ञानाचे झालेले नाही. झाले आहे ते केवळ देखाव्याचे, आणि त्याची किंमत मुलांनी डोळ्यांनी मोजली आहे.

२०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, विशेषतः भोपाळ आणि विदिशा परिसरात, ‘कार्बाइड गन’ नावाचे प्रकरण गाजले. नळीच्या तुकड्यात कॅल्शियम कार्बाइड, त्यावर पाणी, आणि त्यातून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूला ठिणगी, एवढाच हा प्रकार. शेतातली माकडे हाकलण्यासाठी असले काही पूर्वीही वापरात होते. रीळ नामक चिमुकल्या व्हिडिओंनी ते मुलांच्या हाती खेळणे म्हणून दिले. अवघ्या काही दिवसांत शंभराहून अधिक जण, त्यांत बहुसंख्य मुले, डोळ्यांच्या इजा घेऊन रुग्णालयांत पोहोचले. काहींची दृष्टी गेली. सरकारने बंदी घातली, विक्रेत्यांना अटक झाली. पण त्या इजांच्या कहाण्यांत एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो, आणि आमच्या म्हणण्याचा गाभा तोच आहे. बार झाला नाही. मुलाने काय बिनसले ते पाहण्यासाठी नळीत डोकावले. आणि तेव्हा बार झाला. ज्वाळेबरोबर डोळ्यांत गेला तो कार्बाइडपासून बनलेला दाहक चुनाही.

आता प्रश्न असा की, त्या मुलाने पाहिलेल्या व्हिडिओत न उडालेला बार होता काय? नसणारच. व्हिडिओ करणाऱ्याने दहा वेळा प्रयत्न केले असतील, तर त्यांतले फसलेले सगळे कापून टाकले जातात आणि एक उडालेला ठेवला जातो. तोच बघवतो, तोच पसरतो. म्हणजे या विद्येचा जो भाग जीव वाचवतो, नेमका तोच संपादनात गळतो. साहित्य समृद्ध दाखवले जाते, धूर दाखवला जातो, हशा दाखवला जातो. फुसक्या बारापाशी किती वेळ जायचे नाही, हे सांगण्यात कोणालाच रस नसतो.

न उडालेला बार म्हणजे काय, हे ठाऊक करून घ्यायला आमच्या वसई तालुक्याला तरी भोपाळला जावे लागू नये. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईच्या कोटाखाली सुरुंग भरले. काही सुरुंग उडून तटाला खिंडार पडले आणि मराठे त्यात चढले. तोच वेळेवर न उडालेला सुरुंग त्यांच्या पायांखाली उडाला आणि स्वतःचीच माणसे मोठ्या संख्येने गमावली. हे काम हौशी पोरांचे नव्हते. त्या विद्येत मुरलेल्या लोकांचे होते.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की चुकीच्या कृती छापील ग्रंथांतही होत्याच. होत्या, आणि इथेच ग्रंथ व चित्रफीत यांतला भेद उघडा पडतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी १९५३ साली भारतातील दारूकामाच्या इतिहासावर लिहिताना गजपती प्रतापरुद्रदेवाच्या ‘कौतुकचिंतामणी’तील कृती पुढे मांडल्या. त्या कृतींना कर्ता आहे, काळ आहे, हस्तलिखित आहे. म्हणून त्यांची चिकित्सा करता येते. क्लोरेट आणि गंधक यांच्या मिश्रणाचेही तसेच. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी पुस्तकांत ते सर्रास सापडते. घर्षणाने, आघाताने, क्वचित आपोआपही ते पेट घेते असे अनुभवास आल्यावर ब्रिटनने १८९४ मध्ये त्यावर बंदी घातली. भारत सरकारने १९९२ मध्ये घातली. म्हणजे छापील चुकीला शुद्धिपत्र मिळाले, उशिरा का होईना. व्हिडिओला शुद्धिपत्र नसते. तो कुठल्या देशातला, कुठल्या सालचा, करणारा आज दोन्ही डोळ्यांनी पाहतो की नाही, हे कळण्याची सोय नसते. चूक ध्यानात आलीच तर तो गुपचूप काढला जातो, आणि तोवर त्याच्या शेकडो नकला इतरत्र फिरत असतात.

परवाना म्हणजे मक्तेदारी, हा युक्तिवादाचा दुसरा पाय. तोही लंगडा आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडजवळच्या तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीवजा मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यास आग लागली. कारखाना विनापरवाना होता. मेल्या त्या प्रामुख्याने तिथे राबणाऱ्या बायका. मूठ उघडल्याचा लाभ कोणाला झाला आणि जळाले कोण, हे लोकशाहीकरणाच्या कैवाऱ्यांनी एकदा सांगावे. १८८४ चा स्फोटके कायदा आणि नागपुरात मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना यांच्या कारभारावर टीका अवश्य व्हावी. परंतु परवान्याचा मूळ अर्थ एवढाच की स्फोट झाला तर उत्तर कोणी द्यायचे, ते नाव कुठेतरी लिहिलेले असते. व्हिडिओखाली तसे नाव नसते. ‘घरी करून पाहू नका’ ही ओळ तेवढी असते. ज्या व्हिडिओत घरीच केलेले दाखवले आहे, त्याखाली ही ओळ म्हणजे शुद्ध दांभिकपणा होय.

तेव्हा साहित्याच्या अध्यापकांना आमचे सांगणे आहे. पाठचिकित्सा ही ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांपुरती राखून ठेवण्याची वस्तू नाही. कर्ता कोण, काळ कोणता, पाठ कुठे गळला, हे प्रश्न आपण वर्गात ओवीला विचारतो. तेच प्रश्न विद्यार्थ्याच्या फोनमधल्या रीळलाही विचारायला शिकवावे. चौथा प्रश्न त्यात घालावा: न उडालेला बार कुठे आहे? ज्या चित्रफितीत तो नाही, तिला कृती म्हणू नये. ती जाहिरात आहे. आणि ज्या वस्तूची जाहिरात चालली आहे ती नळीत अजून पेटायची राहिली असताना, कोणाचे तरी मूल तिच्यात डोकावण्यासाठी वाकलेले आहे.