धावपट्टी त्यांची, विमाने कोणाची?

अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनच्या पश्चिम टोकाला, ॲरिझोना राज्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,८०० फूट उंचीवर एक लहानसा विमानतळ आहे. धावपट्टी एकच. लास व्हेगासहून दरी पाहायला येणाऱ्या पर्यटकांची छोटी विमाने येथे उतरतात. या विमानतळाचे मालक केंद्र सरकार नाही, राज्य सरकार नाही आणि कोणी उद्योगपतीही नाही. मालक आहे हुआलापाई ही आदिवासी जमात. तिची लोकसंख्या अवघी दोन-अडीच हजार! आम्हाला ही गोष्ट दरीच्या सौंदर्यापेक्षा अधिक मोलाची वाटते.

ही मालकी कोणी दान म्हणून दिलेली नाही. १८७४ साली अमेरिकी लष्कराने या लोकांना त्यांच्या डोंगरातून हाकलून कोलोरॅडो नदीकाठच्या ला पाझ येथे डांबले. उष्मा, उपासमार आणि रोगराईने कित्येक जण तेथेच मेले. उरलेले वर्षभरात परतले, तेव्हा त्यांचे झरे गोऱ्या गुरेवाल्यांनी बळकावले होते. १८८३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने सुमारे दहा लाख एकर जमीन जमातीसाठी राखून ठेवली गेली. पण तिच्यातील एकाआड एक तुकड्यावर रेल्वे कंपनीने दावा सांगितला. त्याविरुद्ध पहिल्या महायुद्धातून परतलेला हुआलापाई सैनिक फ्रेड महोन उभा राहिला. अखेर १९४१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला मान्य करावे लागले की, तहात किंवा कायद्यात नोंद नसली तरी पिढ्यान् पिढ्यांच्या वहिवाटीचा हक्क हा हक्कच असतो. आज ज्या जमिनीवर विमाने उतरतात, ती अशी झगडून राखलेली आहे.

जमीन राखली, पण पोट कसे भरायचे? शेतीला पाणी नाही. जुगारगृह काढून पाहिले, तर शेजारी लास व्हेगास. ते टिकले नाही. म्हणून १९८८ नंतर जमातीने दरीचा आपला भाग पर्यटकांना खुला केला. येथवर येणारा रस्ता २०१४ पर्यंत पूर्ण डांबरी नव्हता. अशा ठिकाणी विमानतळ ही चैन नव्हे, ती गरज होती. शेजारच्या राष्ट्रीय उद्यानावरील पर्यटन उड्डाणांवर सरकारने २००० साली संख्येची मर्यादा घातली. जमातीशी करार करून येणाऱ्या उड्डाणांना मात्र तिच्यातून वगळावे लागले, कारण उड्डाणे घटली असती तर तिचा रोजगार बुडाला असता. दरीची शांतता भंगते, ही तक्रार खोटी नाही. परंतु आदिवासींनी उपाशी राहून इतरांसाठी शांतता सांभाळावी, ही अपेक्षा कोणत्या न्यायात बसते?

तरीही आम्ही केवळ टाळ्या वाजवून थांबणार नाही. धावपट्टी जमातीची असली तरी तिच्यावर उतरणारी विमाने आणि हेलिकॉप्टरे बाहेरच्या कंपन्यांची आहेत. २००७ मध्ये दरीच्या कड्यावर काचेचा प्रसिद्ध पूल उभा राहिला, तोही बाहेरच्या भांडवलावर. पवित्र भूमीवर असे बांधकाम नको, असे जमातीतील काही वडीलधारे सांगत होते. पुढे गुंतवणूकदाराशी पैशांवरून भांडण पेटले, २०१२ मध्ये जमातीने त्याचे कंत्राट ताब्यात घेतले आणि मामला कोर्टकचेऱ्यांत गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये या जमिनीवर दरीत पर्यटकांचे हेलिकॉप्टर कोसळून पाच ब्रिटिश पर्यटक दगावले. २०२० च्या महामारीत पर्यटन बंद पडले आणि मिळकतीचा मुख्य झराच आटला. एकाच धंद्यावर सारी जमात उभी असणे किती धोक्याचे, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

आणि पाणी? कोलोरॅडो नदी या राखीव भूमीच्या सीमेलगत शंभराहून अधिक मैल वाहते. पर्यटक तिचे फोटो काढून जातात. पण तिच्या पाण्यातील जमातीच्या वाट्याला कायदेशीर मान्यता मिळायला जानेवारी २०२३ उजाडला. तेव्हा कुठे वर्षाला ४,००० एकर-फूट पाणी मंजूर झाले. डोळ्यांसमोर पाणी आणि हाती हक्क नाही, याचा अर्थ आमच्या वाचकांना नव्याने सांगावा लागत नाही.

मालकी ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. ज्याची जमीन, त्याचा निर्णय, हे हुआलापाईंनी सिद्ध केले. आता ज्याचा निर्णय, त्याचेच कौशल्य आणि त्याचेच भांडवल, ही पुढची लढाई आहे. प्रवाशांची तिकिटे तपासणाऱ्या हुआलापाई तरुणाचा मुलगा उद्या वैमानिक व्हावा, मुलगी विमानाचे इंजिन दुरुस्त करणारी अभियंता व्हावी, विमानेही जमातीच्या नावावर असावीत. त्या दिवशी ही धावपट्टी खऱ्या अर्थाने त्यांची होईल. तोपर्यंत उतरणाऱ्या प्रत्येक विमानाला एकच प्रश्न विचारत राहिले पाहिजे : तू येथे काय आणलेस आणि येथून काय घेऊन चाललास?