हिमकणांचं कौतुक

डिसेंबर-जानेवारीत एखाद्या सकाळी वर्तमानपत्रात तो फोटो येतोच. वेण्णा तलावाच्या जेटीवर पांढरा थर, गाड्यांच्या टपांवर साखर पेरल्यासारखं काहीतरी, आणि एक स्ट्रॉबेरीचं पान, कडेकडेने हिमकण लागलेलं. वर मथळा : 'महाबळेश्वर गोठले'. मग वाईतली हौशी मंडळी कानटोप्या घालून पहाटेच पसरणीचा घाट चढायला लागतात. यंदा आमच्या नातवानेही हट्ट धरला, "आजी, चल ना बर्फ बघायला."

मी नाही म्हटलं. का, ते सांगते.

नोकरीत असताना एकदा सातवीच्या मुलांना घेऊन मी अशीच पहाटे वेण्णा तलावावर गेले होते. पोरांनी बर्फ कधी पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मीही नव्हता. रस्त्याकडेच्या एका वाफ्यात शिरून पोरांनी पानांवरचे हिमकण खरवडून ओंजळीत घेतले, एकमेकांच्या मानेवर टाकले. मी कौतुकाने बघत होते. एक मुलगा मात्र बांधावरच उभा. वरच्याच भागातला, शाळेसाठी वाईला मामाकडे राहणारा. "का रे, तुला नको?" मी विचारलं. म्हणाला, "बाई, ही फुलं मेली. उद्या बघा, मधला डोळा काळा पडेल."

वाफा त्याच्या घरचा नव्हता. पण घरच्या वाफ्यातही रात्री तेच झालं असणार, हे त्याला उभ्या जागी कळलं होतं. भूगोल शिकवणाऱ्या मला कळलं नव्हतं.

स्ट्रॉबेरीचं गणित असं आहे. वर पाऊस फार, म्हणून रोपं पावसाळ्यात बरीचशी आमच्या वाईच्या बाजूला तयार होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात वर त्यांची लागण होते आणि ऐन थंडीत ती फुलतात. पान एक वेळ थंडी सोसतं. उमललेलं फूल मात्र शून्याच्या खाली अंशभर गेलं तरी टिकत नाही. मधला भाग काळा पडला की त्याचं फळ धरत नाही, धरलं तर वेडंवाकडं. फुलाचं फळ व्हायला साधारण महिना लागतो. म्हणजे फोटो आज छापून येतो आणि नुकसान महिन्याने दिसतं, जेव्हा तोडायला फळ नसतं. तेव्हा फोटो काढायला कोणी येत नाही.

२०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी छाती फुगवली. मग तिच्या फुलांवर येणाऱ्या संकटाची जत्रा का करतो?

आता कुणी म्हणेल, निसर्गापुढे कोणाचं चालतं? पूर्ण नाही चालत, पण बरंच चालतं. आकाश निरभ्र असेल, वारा पडलेला असेल, हवा कोरडी असेल, तर रात्रभर जमीन आपली ऊब आकाशाला देऊन टाकते. गार हवा जड, ती उतारावरून ओघळून खोलगट जागी साचते. म्हणून गावात सहा-सात अंश असताना तलावाकाठी दव गोठतं. शिवाय हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर असतो. पान त्याहून बरंच गार असतं. तेव्हा पेपरातला आकडा वाचून निर्धास्त राहू नये. एक साधा तापमापक रोपाच्या उंचीवर, शेताच्या सगळ्यात खोल कोपऱ्यात लावावा.

उपायही साधेच आहेत. दुपारी माती ओली करून ठेवावी. ओली माती दिवसाचं ऊन जास्त साठवते. ऊन उतरायच्या आत वाफ्यावर क्रॉप कव्हर घालावं. परसातली चार रोपं असतील तर जुनं लुगडंही चालतं. कड जमिनीला टेकलेली हवी, म्हणजे मातीची ऊब आत राहते. कापड फुलांना चिकटू नये म्हणून कामट्यांच्या कमानी कराव्यात आणि सकाळी ऊन आलं की काढावं. तुषार सिंचन सुरू केलं, तर बर्फ वितळेपर्यंत मध्येच बंद करू नये. अर्धवट भिजवलेलं रोप जास्त गारठतं. निफाडकडचे द्राक्षवाले थंडीत बागेत शेकोट्या पेटवतात. धुराचं पांघरूण होतं असं आपण म्हणत आलो, पण धूर ऊब फारशी अडवत नाही. उपयोग होतो तो जाळाचा. म्हणून एका मोठ्या ढिगापेक्षा लहान लहान अनेक शेकोट्या बऱ्या. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्समधल्या शेतकऱ्यांनीही द्राक्षांच्या कोवळ्या फुटव्यांसाठी रात्रभर मळ्यात हजारो मेणबत्त्यांसारखे दिवे लावले होते. त्यांचेही फोटो जगभर फिरले. पण त्या फोटोंत माणसं राबताना दिसत होती, आपल्या फोटोंत ती मजा करताना दिसतात. फरक मला एवढाच वाटतो, आणि तो थोडाथोडका नाही.

या सगळ्या उपायांत एक गोष्ट समान आहे. ते आदल्या दिवशीच करावे लागतात. पहाटे हिमकण दिसले, की वेळ गेलेली असते. म्हणून माझं म्हणणं इतकंच, की वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशीच्या मथळ्याइतकीच जागा आदल्या दिवशीच्या इशाऱ्याला द्यावी : आज रात्री आकाश निरभ्र, वारा नाही, वेण्णा आणि लिंगमळ्याकडच्यांनी वाफे झाका. आणि पर्यटकांनी वाफ्यात शिरू नये. मीही शिरू द्यायला नको होतं.

बांधावर उभा राहिलेला तो मुलगा आता स्वतः स्ट्रॉबेरी लावतो. अजून मला बाईच म्हणतो. परवा त्याला फोन केला आणि नातवाला सांगितलं, आपण वर जाऊ, पण पहाटे नाही. आदल्या दुपारी जाऊ, कव्हर घालायला हात लागतात.

तो तयार झाला. बर्फ दिसणार नाही म्हणून जरा हिरमुसला, पण तयार झाला.