पाटाचे पाणी कोणाच्या हाती?

लिनक्स बसविले की मक्तेदारीच्या जोखडातून सुटका झाली, अशी एक सोयीस्कर समजूत आपल्या चळवळीत रुजली आहे. हे अर्धसत्य होय. परवाना मुक्त असणे ही एक गोष्ट. सुधारणांचा पुरवठा कोणाच्या हाती आहे, ही दुसरी. सातबारा कुळाच्या नावे झाला, पण पाटाचे पाणी सावकाराच्याच मर्जीने सुटत राहिले, तर त्या मालकीचे मोल काय?

सेंटओएसचा इतिहास आठवावा. रेड हॅट कंपनीच्या व्यावसायिक प्रणालीची ही विनामूल्य आवृत्ती. २०१९ साली आयबीएमने रेड हॅट ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. सेंटओएसच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुधारणा मिळावयाच्या होत्या. त्या २०२१ अखेरच थांबतील, असे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. परवान्यातील एक अक्षरही बदलले नाही. बंद झाला तो पुरवठा. मुक्त परवान्यामुळेच पुढे अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहू शकले, हे खरे. पण जे जागे झाले नाहीत, त्यांचे संगणक सुरक्षेच्या दुरुस्त्यांवाचून उघडे पडले.

‘हे तंत्रज्ञांनी पाहावे,’ असे काही मित्र म्हणतात. हा युक्तिवाद नोकरशाहीला शोभतो, समाजवाद्यांना नव्हे. डेबियन बसविताना मिरर कोणता, असा प्रश्न पडद्यावर येतो. मिरर म्हणजे मूळ भांडाराची प्रत. तो कोणीही चालवो. मूळ प्रकल्पाची स्वाक्षरी पडताळली जात असल्याने मिररचालकाला भेसळ करता येत नाही. खरा धोका मागाहून जोडलेल्या परक्या भांडाराचा. एखाद्या सोयीसाठी आपण त्याची किल्ली स्वीकारतो, आणि तेथून येणारी आज्ञावली बसताना संगणकावर सर्वाधिकार गाजविते.

म्हणून पक्षकार्यालयांनी स्वयंसेवकांच्या समुदायाने चालविलेली प्रणाली निवडावी. १९९३ पासून चालत आलेले डेबियन त्यांपैकी एक. स्रोतांच्या यादीत अधिकृत भांडार व त्याचा सुरक्षा-विभाग असल्याची खात्री करावी. अ-मुक्त विभाग घ्यावयाचा तर तो चर्चा करून, गरजेपुरताच घ्यावा. आणि ही यादी एकाच जाणत्याच्या डोक्यात न राहता कार्यालयाच्या वहीत नोंदलेली असावी.

उत्पादनसाधनांच्या मालकीचा प्रश्न आपण गिरणीच्या दारात विचारीत आलो. तो संगणकापुढे बसल्यावर विसरण्याचे कारण नाही.