शेवटचा शिपाई आणि हयातीचा दाखला

नोव्हेंबर महिना लागला की बँकेच्या शाखेत एक निराळीच गर्दी उसळते. ही मंडळी पैसे काढायला किंवा भरायला आलेली नसतात. आपण अजून जिवंत आहोत, एवढेच त्यांना सरकारला कळवायचे असते. त्या कागदाला हयातीचा दाखला म्हणतात. हल्ली मोबाईलसमोर चेहरा धरला की घरबसल्या काम होते. माझ्या नोकरीच्या काळात मात्र पेन्शनरला स्वतः यावे लागे, टेबलासमोर बसावे लागे आणि अधिकाऱ्यादेखत सही नाहीतर अंगठा करावा लागे. मी अशा शेकडो दाखल्यांवर सह्या केल्या. त्या वेळी हे काम मला अत्यंत कंटाळवाणे वाटे. आज वाटत नाही. त्याचे कारण एका अमेरिकन बाईंची हकीकत.

आयरीन ट्रिप्लेट या बाई ३१ मे २०२० रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी वारल्या. अमेरिकन सरकार त्यांना दरमहा ७३ डॉलर १३ सेंट पेन्शन देत असे, आणि ते कशाचे, तर अमेरिकेच्या यादवी युद्धाचे! गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तर आणि दक्षिण एकमेकांवर तुटून पडले ते हे युद्ध १८६१ साली सुरू झाले आणि १८६५ साली संपले. आपल्याकडे सत्तावनचे बंड नुकतेच शमले होते, तो हा काळ. वाचकांना वाटेल, बाई त्या सैनिकाच्या पणती वगैरे असतील. तसे नाही. त्या त्याच्या सख्ख्या मुलगी होत्या. मोझ ट्रिप्लेट यांचा जन्म १८४६ चा. उतारवयात त्यांनी आपल्याहून कितीतरी लहान बाईशी दुसरे लग्न केले आणि १९३० साली आयरीन जन्मली तेव्हा वडिलांनी ऐंशी ओलांडली होती. मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहू शकणारी नव्हती, म्हणून सैनिकाचे असहाय अपत्य या नात्याने तिला पेन्शन मंजूर झाले. युद्ध संपल्यावर तब्बल १५५ वर्षांनी ते खाते बंद झाले.

आणखी एक गंमत पाहा. हे मोझ आधी दक्षिणेच्या सैन्यात होते. तिथून ते पळाले आणि पुढे उत्तरेच्या सैन्यात भरती झाले. दक्षिणेतच राहिले असते तर केंद्र सरकारचे हे पेन्शन त्यांना मिळाले नसते, कारण हरलेल्या बाजूच्या सैनिकांना पेन्शन देत ती त्यांची त्यांची राज्ये, तीही तुटपुंजी आणि पुष्कळ उशिरा. शिपाईगिरी तीच, जखमाही त्याच. पण कोणत्या वहीत नाव लागले, यावर पुढच्या दीडशे वर्षांचा हिशेब ठरला.

या युद्धाचे सैनिक एकेक करून कसे संपत गेले, याची नोंद अमेरिकेने फार बारकाईने ठेवली आहे. उत्तरेकडच्या माजी सैनिकांची एक मोठी संघटना होती, ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’. १८९० च्या सुमारास तिचे चार लाखांवर सभासद होते. त्यांच्या मतांना अध्यक्षपदाचे उमेदवारही वचकून असत. १९१३ साली गेटिसबर्गच्या लढाईला पन्नास वर्षे झाली, तेव्हा दोन्ही बाजूंचे मिळून पन्नास हजारांहून अधिक म्हातारे त्या रणांगणावर जमले. १९३८ साली पुन्हा मेळावा भरला तेव्हा दोन हजारही उरले नव्हते. मोझ ट्रिप्लेट त्या मेळाव्याला जाऊन आले आणि थोड्याच दिवसांत वारले. १९४९ साली संघटनेचे शेवटचे अधिवेशन झाले, त्याला हजर किती? सहा.

मग १९५६ च्या ऑगस्टमध्ये मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ गावी अल्बर्ट वूल्सन हे गृहस्थ वारले आणि संघटना विसर्जित झाली. वूल्सन हे उत्तरेचे अखेरचे सैनिक. चौदा-पंधरा वर्षांचे असताना ते नगारा वाजवणारा पोरगा म्हणून भरती झाले. प्रत्यक्ष लढाई त्यांनी पाहिलीच नाही. त्यांचे वडील मात्र युद्धातल्या जखमांनी गेले होते. ज्या पोराने एकही गोळी झाडली नाही, त्याचा पुतळा गेटिसबर्गला उभा राहिला. त्याचे कर्तृत्व एवढेच, की तो सगळ्यांच्या मागून गेला.

यात त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही. पण ‘शेवटचा’ या शब्दाची आपल्याला काय भूल पडते, ते यातून दिसते. हजारो होते तेव्हा त्यांचे कुणाला फारसे अप्रूप नव्हते. शंभर उरले तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो येऊ लागले. एकच उरला तेव्हा साऱ्या राष्ट्राला गहिवर आला.

या गहिवराचा पुढचा अंक दक्षिणेत घडला. वूल्सन गेल्यावर दक्षिणेचे आपण हयात सैनिक आहोत, असे म्हणणारी काही मंडळी उरली होती. त्यांतले टेक्सासचे वॉल्टर विल्यम्स १९५९ च्या डिसेंबरमध्ये वारले. वय सांगितले जात होते ११७. आता त्या युद्धाचा एकही सैनिक उरला नाही म्हणून देशभर शोक पाळण्यात आला. गोम अशी, की त्याच वर्षी लॉवेल ब्रिडवेल नावाच्या पत्रकाराने १८६० ची जनगणना उघडून पाहिली होती. तीत या विल्यम्सचे वय लागले होते पाच वर्षे! म्हणजे युद्ध संपले तेव्हा हे ‘शूर सैनिक’ दहा वर्षांच्या आसपास. तरीही त्यांच्यावर लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार झाले. पुढे १९९१ साली विल्यम मार्व्हल या इतिहासकाराने जुने कागद चाळून दाखवले, की अखेरच्या काळात दक्षिणेचे सैनिक म्हणून गौरवलेल्यांपैकी बरेचसे जण असेच होते. अलाबामाचे प्लेझंट क्रम्प १९५१ च्या शेवटच्या दिवशी वारले, तेच दक्षिणेचे खरे अखेरचे सैनिक, असे अभ्यासक मानतात.

हे वाचून प्रथम मला हसू आले. मग विल्यम्स यांच्या पेन्शनच्या अर्जाचे साल पाहिले. १९३२. अमेरिकेतली ती भीषण मंदी. बँका बुडालेल्या, कामे गेलेली, शेतमालाला भाव नाही. सत्तरी ओलांडलेल्या गरीब माणसाला जगण्याचा एक मार्ग दिसला असेल. मी साठ वर्षांपूर्वी शिपाई होतो, असे सांगायचे. दक्षिणेचे पुष्कळसे कागद पराभवाच्या धामधुमीत नष्ट झालेले, तेव्हा खोटे ठरवणार कोण? दहा-पंधरा वर्षे वय वाढवले की झाले. ते खोटे पोटासाठी होते. पुढे त्याच्यावर हारतुरे कुणी चढवले? आपण, म्हणजे समाजाने. आपल्याला ‘शेवटचा’ हवा होता, मग तो मिळाला.

आपल्याकडे हे वेगळे घडते असे कृपा करून कुणी समजू नये. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १९७२ साली, स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू झाले. पुढे बीड जिल्ह्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नावावर बोगस स्वातंत्र्यसैनिक शिरल्याचे प्रकरण इतके गाजले, की निवृत्त न्यायमूर्तींचा चौकशी आयोग नेमावा लागला. त्यात सर्वांत मोठा अपमान झाला तो खऱ्यांचा. ज्याने खरोखर घर सोडले, मार खाल्ला, त्यालाही लोक वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागले.

विलायतेचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. क्रिमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हा येथे इंग्रजांच्या हलक्या घोडदळाने चुकीच्या हुकुमापायी तोफांच्या तोंडावर झेप घेतली. टेनिसनच्या कवितेने हा प्रसंग अजरामर केला. पोरे शाळेत ती कविता घोकत होती आणि १८९० साली असे उघडकीला आले, की त्या स्वारीतून वाचलेले काहीजण अन्नाला मोताद झाले आहेत. मग निधी काढला गेला. त्यासाठी त्या स्वारीतल्या मार्टिन लॅनफ्रीड या तुतारीवाल्याची तुतारी तेव्हाच्या मेणाच्या नळकांड्यावर ध्वनिमुद्रित झाली. ती आजही ऐकता येते. या स्वारीतला शेवटचा माणूस, एडविन ह्यूज, १९२७ साली ब्लॅकपूल येथे शहाण्णव वर्षांचा होऊन वारला. आणि क्रिमियाच्या युद्धाचा अगदी शेवटचा साक्षीदार? ते एक कासव होते. १८५४ साली सेव्हास्तोपोलवर तोफा डागणाऱ्या एका जहाजावर ते पाळलेले होते. नाव टिमथी. ती मादी आहे हे फार उशिरा कळले. ती २००४ साली मेली. तिला काही विचारण्याची सोय नव्हती. पण जी माणसे बोलू शकत होती, त्यांना तरी कितीसे विचारले गेले?

हाच प्रश्न आपल्या सत्तावनला लावून पाहावा. १९०७ साली त्या घटनेला पन्नास वर्षे झाली. लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने डिसेंबरमध्ये अल्बर्ट हॉलमध्ये इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या शेकडो वृद्ध सैनिकांना जेवण घातले. भाषणे झाली, छातीवरची पदके चमकली. पण ज्या शिपायांनी बंदुका उलट्या फिरवल्या, त्यांना कोण जेवू घालणार? त्यांचे पेन्शन नाही, संघटना नाही, मेळावा नाही. त्यांची नावे सापडतात ती बहुधा खटल्यांच्या कागदांत, आरोपी म्हणून. त्यांच्यातला शेवटचा कोण आणि तो कुठल्या खेड्यात, कोणत्या नावाने मेला, हे कुठल्याही वहीत नाही. आपण कोण होतो हे न सांगण्यातच त्याची हयात गेली असेल.

मात्र त्याच १९०७ साली मराठीत एक पुस्तक निघाले, ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे काही शिपाई नव्हते. दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून उत्तरेत गेलेला हा गरीब भिक्षुक नेमका सत्तावनच्या धुमाळीत सापडला आणि झाशीचा पाडाव त्याने डोळ्यांनी पाहिला. पुढे कितीतरी वर्षांनी चिंतामणराव वैद्यांनी त्यांना म्हटले, की हे सगळे लिहून काढा. भटजींनी लिहिले. वैद्यांनी ते भटजींच्या पश्चात छापले. ‘लिहून काढा’ हे दोन शब्द वैद्य बोलले नसते, तर भटजींबरोबर ती झाशीही गेली असती. गोडसे भटजी शेवटचे साक्षीदार होते म्हणून वैद्यांनी त्यांना विचारले नाही. ते समोर होते आणि सांगू शकत होते, म्हणून विचारले. माझ्या मते सारे मर्म इथे आहे.

हे मी मोठ्या शहाणपणाने लिहितो आहे खरा, पण माझे स्वतःचे खाते काही चोख नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत मी होतो, तेव्हा दर नोव्हेंबरला एक म्हातारेबाबा हयातीच्या दाखल्यासाठी येत. डोक्याला पटका, अंगात जुना खाकी स्वेटर, कापणारा हात. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून ते इटलीत लढले होते. एकदा शाईच्या पॅडवर अंगठा टेकवता टेकवता ते आपणहून म्हणाले, “साहेब, तिकडं लई बरफ. आमचा एक गडी बरफातच ऱ्हायला.” माझ्या मागे रांग होती आणि लेजर जुळत नव्हते. मी म्हणालो, “बाबा, अंगठा जरा नीट दाबा.” त्यांनी दाबला, रामराम केला आणि ते गेले.

तेव्हाही मी कादंबऱ्या लिहीत होतो. रात्री कंदिलाएवढ्या दिव्याखाली बसून माणसे कल्पनेने घडवत होतो. दिवसा एक माणूस पाच वर्षे, दरवर्षी, माझ्यासमोर येऊन बसत होता आणि मी त्याच्याकडून फक्त तो जिवंत असल्याचा पुरावा घेत होतो. सहाव्या वर्षी त्यांचा मुलगा मृत्यूचा दाखला घेऊन आला. मी नियमाप्रमाणे खाते बंद केले. बरफात राहिलेल्या त्या गड्याचे नाव काय होते, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. दुसऱ्या महायुद्धातले आपले सैनिक आता बोटांवर मोजण्याइतके राहिले असतील. बासष्ट आणि पासष्टच्या लढाईत होते ते ऐंशीच्या घरात किंवा पलीकडे गेले आहेत. एकाहत्तरचे जवानही सत्तरी ओलांडून बसले आहेत. साताऱ्याकडे अपशिंग्यासारखी गावे आहेत, जिथे घरोघरी शिपाई निघाला. यांच्यापैकी शेवटचा कोण उरतो, याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. तो दिवस आला म्हणजे त्याच्याभोवती कॅमेरे जमतील, शाल-श्रीफळ होईल आणि तोवर त्याला ऐकू येणे बंद झालेले असेल. आज ते पुष्कळ आहेत. पुष्कळ असल्यामुळे एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीशी ताडून पाहता येते. खोट्याला खोटे म्हणता येते आणि खऱ्यावर संशय घ्यावा लागत नाही.

यासाठी सरकार, समिती, अनुदान काही लागत नाही. दोनशे पानी वही लागते आणि रविवारची दुपार. शेजारचे सुभेदार, मामाकडचे हवालदार, नातवाला पलटणीची गोष्ट सांगू पाहणारे आजोबा. त्यांना विचारावे, “तुमच्याबरोबर कोण होते? नाव काय त्यांचे?” लढायांच्या तारखा सरकारी दप्तरात आहेत. शेजारी झोपलेल्या सोबत्याचे नाव, त्याचे गाव, घरून आलेल्या पत्रात काय असे, हे फक्त यांच्याजवळ आहे.

येत्या नोव्हेंबरला घरातल्या वडीलधाऱ्यांना मोबाईलसमोर बसवून आपण त्यांचा हयातीचा दाखला काढून देऊच. तो काढून झाल्यावर लगेच उठू नये. थोडा वेळ तिथेच बसावे.