दगड कुणी वाहिला ते बोला



पडक्या देवळांपुढं गहिवरणाऱ्यांचा एक आख्खा कारखाना चालू आहे. विमानानं जायचं, मुळ्यांनी आवळलेल्या भिंतीपुढं उभं राहायचं, 'निसर्गानं आपलं परत घेतलं' म्हणून उसासा टाकायचा. कंबोडियातलं ता प्रोह्म म्हणजे या उसाशांचं होलसेल दुकान. 2001 साली हॉलिवुडवाल्यांच्या 'टूम रेडर'नं ते जगभर दाखवलं. धंदा आणखी वाढला.

मी तिथं गेलेलो नाही. गोदीतल्या मजुराला कोण नेतो? फोटो बघितलेत. अंकोरच्या दगडांना गोल भोकं आहेत. अभ्यासक सांगतात, त्यांत खुंट्या ठोकून दोर लावायचे. ते वाचायच्या आधीच माझ्या खांद्याला कळलं होतं.

1186 सालचा तिथला शिलालेख संस्कृतात आहे, रचणारा राजपुत्र. त्यात देवळाची मालमत्ता मोजलीय : 35 हिरे, 40,620 मोती. त्याच यादीत माणसं : आत राहणारी 12,640, त्यांत 615 नाचणाऱ्या बाया. देवळाला पोसायला लावलेली 3,140 गावं, सगळी मिळून माणसं 79,365. मोती मोजावेत तशी माणसं मोजली. राजाचं नाव आहे, आईचं आहे, गुरूचं आहे. तांदूळ पिकवणाऱ्याचा फक्त आकडा.

आता आपल्यातला कुणीतरी उठेल आणि म्हणेल, 'अरे, पण तो सातवा जयवर्मन बौद्ध होता! त्यानं 102 इस्पितळं बांधली. नंतरच्या शैवांनी तिथल्या बुद्धमूर्ती छिलून काढल्या.' खरं आहे. मूर्ती छिलणाऱ्यांचा हिशेब मागूच. पण म्हणून राजा बौद्ध झाला की पाठीवरचा दगड हलका होतो काय? बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तो माणूस ताठ उभा राहावा म्हणून, नव्या राजाच्या पालखीला खांदा द्यायला नव्हे. देव्हाऱ्यात कोण बसलाय एवढंच बघून जो जयजयकार करतो, त्याला उद्या कुणीही मुकादम हाकील.

आणि ते 'जंगल'? तेही निव्वळ जंगल नाही. फ्रेंच साहेबांनी ठरवून हे देऊळ झाडांसकट ठेवलं, बघणाऱ्याला बरं वाटावं म्हणून. वाढेल ती झाडी छाटतात, शोभेल ती राखतात. जंगलसुद्धा तिथं पगारावर आहे.

झाडाला जागा आहे. माणसाला? अंकोरच्या वारसा-क्षेत्रातनं सुमारे 10,000 कुटुंबं उठवून रुन ता एकच्या माळावर न्यायचं काम 2022 साली जोरात सुरू झालं. सरकार म्हणतं, लोक खुशीनं गेले. अॅम्नेस्टीनं 2023 च्या अहवालात लिहिलं, ही जबरदस्ती आहे. आपल्याला हे नवं नाही. कान्हेरीची लेणी ज्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आहेत, तिथल्या झोपड्यांवर 1997 च्या हायकोर्टाच्या हुकुमानंतर असाच हातोडा पडला. लेणं वारसा, झाड वारसा, झोपडी तेवढी अतिक्रमण!

तेव्हा कवींनो, मुळ्यांवर कविता पुष्कळ झाल्या. निसर्गानं परत घेतलं म्हणता, मग घामाचं कधी परत घेणार? 79,365 माणसांची नावं मागा. ती मिळणार नाहीत. पण उठवलेल्या 10,000 घरांची मिळतील. ती माणसं अजून जिवंत आहेत. त्यांची बाजू घ्या. नाहीतर मुकाट्यानं फोटो काढा आणि स्वतःला बंडखोर म्हणवून घेऊ नका.