शिकलेलें जमेस धरा

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक आनंदाचा दिवस उगवला आणि त्याच्या पाठोपाठ दुसऱ्याच दिवशीं घर हिरमुसलें. दोहोंचें कारण एकच. दादांची धाकटी मुलगी, म्हणजे माझी पुतणी, जर्मनींतील एका विद्यापीठांत एक सत्र शिकून परत आली. मातोश्रींनीं दारांत तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, वहिनींनीं पुरण घातलें. दुसऱ्या दिवशीं ती आपल्या कॉलेजांत गेली आणि परतली ती मुकाट्यानें माडीवर निघून गेली. तिकडे उत्तीर्ण केलेल्या पांच विषयांपैकीं येथें चारच धरले होते. पांचव्याच्या जागीं येथली परीक्षा द्यावी, असें तिला सांगण्यांत आलें.

मीं लागलींच दादांपुढें कॉलेजवर तोंडसुख घेतलें. परंतु खरी हकीकत निराळी होती, आणि ती सांगतांना मला माझेंच नांव पुढें करावें लागत आहे.

पदवीसाठीं परदेशीं जाणें वेगळें आणि विनिमयाचा विद्यार्थी म्हणून जाणें वेगळें. येथें पदवी घरच्याच संस्थेची. फीहि बहुधा येथेंच भरावयाची. तिकडे एक-दोन सत्रें शिकावयाचें आणि तेथें मिळविलेले 'क्रेडिट' येथील खात्यांत जमा करावयाचे. युरोपांत वर्षाच्या अभ्यासाचें माप ६० क्रेडिट, म्हणजे सत्रास ३० असें धरतात. निघण्यापूर्वीं एक करारपत्र होतें. तिकडे कोणते विषय घ्यावयाचे व ते येथील कोणत्या विषयांच्या जागीं धरावयाचे, हें त्यांत लिहून विद्यार्थी, येथील संस्था आणि तेथील संस्था अशा तिघांच्या सह्या होतात.

पुतणी तेथें पोंचल्यावर कळलें कीं, करारांतील एक विषय त्या सत्रांत शिकविणारच नाहींत. तिनें दुसरा निवडला आणि मला फोनवर विचारलें, "काका, बदललेल्या विषयासाठीं कॉलेजची पुन्हां सही घ्यायला हवी ना?" मीं वडीलकीच्या थाटांत उत्तर दिलें, "एवढ्याशा कागदासाठीं प्राचार्यांना कशाला त्रास? शिकलीस म्हणजे झालें!" तिनें माझें ऐकलें.

केवळ शिकल्यानें भागत नाहीं, हा अनुभव इटलींतील सोफिया कोराडी या बाईंना फार पूर्वीं आला होता. रोममध्यें कायद्याचा अभ्यास करीत असतां फुलब्राइट शिष्यवृत्ति मिळवून त्या १९५७ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेल्या. वर्षभर शिकून परतल्यावर, तेथील अभ्यास आपल्या पदवींत धरावा, अशी विनंती त्यांनीं केली. ती नाकारली गेली, एवढेंच नव्हे, तर चारचौघांत त्यांचा उपमर्दहि झाला.

एकोणिसाव्या शतकांत आपल्याकडे समुद्र ओलांडून आलेल्यास प्रायश्चित्त घेतल्यावांचून पंक्तीस घेत नसत. त्या प्रकाराला आज आपण हंसतों. पण परदेशीं शिकून आलेल्या विद्यार्थिनीस विद्यापीठानें दारांतच अडवावें, हेंहि एक प्रायश्चित्तच नव्हे काय? रीत वेगळी, वृत्ति एकच : बाहेर जें झालें तें आमच्या हिशेबीं झालेंच नाहीं!

कोराडीबाई तो अपमान विसरल्या नाहींत. परदेशीं शिकलेले विषय घरच्या पदवींत धरावे, अशी योजना त्यांनीं १९६९ सालीं लिहून मांडली व वर्षानुवर्षें तिचा पाठपुरावा केला. अखेर १९८७ सालीं युरोपांत 'इरॅस्मस' योजना सुरू झाली. पहिल्या वर्षीं ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी तिच्याद्वारें गेले. आजवर दीड कोटीहून अधिक लोकांनीं तिचा लाभ घेतला आहे. २०१५ सालापासून, संस्थांमध्यें परस्पर करार असल्यास, आपल्याकडील विद्यार्थ्यांसहि तिच्यांतून थोड्या मुदतीसाठीं जातां येतें. २०२५ सालीं, वयाच्या ९१ व्या वर्षीं बाई निवर्तल्या.

तेव्हां ज्यांच्या घरचें मूल असें निघालें असेल, त्यांनीं लाडूचिवड्याच्या डब्यांइतकीच काळजी त्या करारपत्राची घ्यावी. विषय बदलला तर नव्या सह्या त्याच आठवड्यांत मागाव्या; प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम जपून ठेवावा; आणि तेथील गुणपत्रक येथें केव्हां व कोणाकडे पोंचेल, याची चौकशी निघण्यापूर्वींच करावी.

हें झालें कॉलेजच्या खात्याचें. घरचें खातें आम्हीं तरी नीट ठेवलें होतें काय? मुलीनें परक्या गांवीं खोली मिळविली, बँकेंत खातें उघडलें, आजारपणांत एकटीनें डॉक्टर गांठला. पण ती येतांच मातोश्री म्हणाल्या, "बँकेंत जायचें तर काकाला बरोबर ने हो!" आणि आम्हां कोणासहि त्यांत वावगें वाटलें नाहीं. सहा महिन्यांची तिची कमाई आम्हीं उंबऱ्यावरच उतरवून ठेवली होती.

मी माडीवर जाऊन तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "काका, परीक्षा मी देईन, त्याचें एवढें नाहीं. पण यापुढें मीं सल्ला विचारला, तर मला स्वतःला काय वाटतें, तेंहि एकदां विचारा."

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर दादांनीं घराच्या दुरुस्तीचें करारपत्र काढलें आणि नेहमींप्रमाणें माझ्यापुढें धरलें. मीं तें पुतणीकडे सरकविलें. तिनें शेवटचें पान आधीं उलटलें आणि विचारलें, "तुम्हां दोघांच्या सह्या आहेत, कंत्राटदाराची कोठें आहे?"

दादा माझ्याकडे पाहूं लागले. मीं म्हटलें, "तिलाच विचारा."